देशाचा रकाना

जानेवारी ते मार्च
विश्रामबागेतल्या आमच्या प्रयोगशाळेत
द्राक्षं कुणी खात नाही.
पाच किलोचा नमुना येतो, सीलबंद.
सुक्या बर्फात त्याची भुकटी होते,
मग यंत्र सावकाश वाचत बसतं.
गोडी नाही वाचत, रंग नाही,
फक्त कुठलं औषध मारलं होतं ते.
औषधच म्हणतो आम्ही त्याला.
आजारी कोण, ते विचारायची पद्धत नाही.

किलोमागं एक शतांश मिलिग्रॅम.
तेवढ्यावर अख्खा कंटेनर अडतो.
तेवढ्यासाठी मी रात्री अकराला
पडद्यावरच्या सुळक्यांकडं बघत असते,
डबा तसाच बांधलेला,
कारण समुद्रापलीकडं एखादं लेकरू
उंच खुर्चीत बसून
पहिला मणी तोंडात घालणार असतं.

नापास मालाचं काय होतं?
रिपोर्ट पानाच्या तळाशी संपतो,
माल संपत नाही.
थोडा बेदाण्याला जातो.
थोडा मी पाहिला मिरज स्टेशनबाहेर,
अल्लाबक्ष नदाफच्या गाड्यावर,
क्रेटवर आमचाच नंबर, खडूनं खोडलेला.
"घ्या की म्याडम, एक्सपोर्टचा माल हाय!"
खोटं बोलत नव्हता तो.
पाव किलो घेतली.
आठ दिवस फ्रीजमध्ये ठेवली,
ना खाल्ली, ना कुणाला दिली.

त्याच हंगामात इंदुबाई खरमाटे आल्या,
सावळजच्या एसटीनं, मांडीवर वही घेऊन.
"तुमच्या कागदावर ज्ये नाव हाय
त्ये माझ्या वहीत न्हाई."
वही बघितली. छाटणीपासूनची एकेक तारीख,
भुरी, डावणी, ढगाळ,
मध्येच एका पानावर: नातीला ताप, फवारणी नाही.
खरंच नव्हतं ते नाव.
मी म्हटलं, मावशी, शेजारचा ब्लोअर,
आणि वारं.
त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या,
"म्हंजे वाऱ्याचीबी वही ठेवाय पायजे."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं.
बावीस बागायतदार बांधावर बसले, चहा दोनदा झाला.
फवारायचं तर आदल्या सांजेला
कोपऱ्यातल्या खांबाला तांबडं फडकं बांधायचं.
पश्चिमेचं वारं असेल तर पंप बंद.
दोन बागांमध्ये शेवरीची दाट ओळ.
पहिलं फडकं बबन खरमाटेनं ओढून काढलं,
सख्खा पुतण्या.
दिवाळीला तो घरी आला नाही.
मग अवेळी ढग आले, नियम पाळता पाळता
इंदुबाईंच्याच चार ओळी डावणीनं नेल्या.
त्या वर्षी कुणाचं काही सिद्ध झालं नाही.
फडकं मात्र परत बांधलं गेलं.
कुणी बांधलं, कुणी सांगत नाही.

या फेब्रुवारीत त्या पुन्हा टेबलासमोर.
पाच किलो. सील नाही, सुतळी.
फॉर्ममध्ये एक रकाना आहे, माल कुठल्या देशाला?
तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही.
मी यादी वाचायला लागले,
नेदरलँड्स, जर्मनी...
"न्हवं ओ. शाळंच्या पोरांचं हाय.
शुक्रवारी खिचडीसंगं घडघड द्यायचं ठरलंय.
त्यास्नीबी पास-नापास असंल की."

पाटोळे सरांनी चष्म्यावरून बघितलं.
काही बोलले नाहीत. फी पूर्ण घेतली.
इंदुबाईंनी दहा-वीसच्या नोटा
दोनदा मोजून दिल्या,
बावीस घरांच्या होत्या त्या,
एक नोट बबनची, हेही सांगितलं.

यादीत शेवटी 'इतर' असतं.
तिथं मी टाइप केलं: सावळज.
लगेच पुढचा प्रश्न आला,
या देशाची कमाल मर्यादा किती?

पाठ होता तो आकडा.
उंच खुर्चीतल्या लेकराचा जो,
तोच टाकला.

यंत्र घरघरायला लागलं.
डबा उघडला. भाकरी कडक झाली होती.
रिपोर्ट उद्या.