डिलीट दाबत राहायचं

पोखरकर शेठचा फोन आला तेव्हा
कोपरखैरण्यात दूधवालासुद्धा आला नव्हता.
"तुझ्या बाबांकडून नंबर घेतला. मशीन उठतच नाही गं.
पट्ट्या सगळ्या आत."

तुर्भे. कांदा-बटाटा मार्केट. गाळ्याची माडी.
सुतळीच्या गुंड्यांमागून कॅबिनेट ओढून उघडलं,
तर पंख्याला गुरफटलेल्या कांद्याच्या साली,
गुलाबी, पातळ, किती हंगामांच्या कोण जाणे.
डोळ्यांना पाणी आलं नाही.
वाळल्या सालीत तेवढा दम नसतो.

चालू केलं. काळा पडदा, वर एकच पांढरी ओळ:
उठायचंय, पण कुठून, ते सापडत नाही.

गळ्यातल्या दोरीचा पेन ड्राइव्ह सोडवला.
बाबांच्या खांद्याला आकडा असायचा,
माझ्या गळ्यात हे.

बंद. पुन्हा चालू, आणि लगेच डिलीट.
एकदा नाही, दाबत राहायचं, टक टक टक टक,
कारण जागं होताना मशीन
दोनच सेकंद दुसऱ्याचं ऐकतं.
एकदा त्यानं रोजची वाट धरली
की मग तुम्ही ओरडत बसा.

"डिलीट? अगं, पुसू नकोस काही!"
"पुसत नाही शेठ. दार वाजवतेय."

निळा पडदा आला. इथे माउस चालत नाही,
बाणांच्या चार कळांवर चाचपडत फिरायचं.
कोपऱ्यात तारीख:
एक जानेवारी दोन हजार नऊ.
सेल संपलेला, बटणाएवढा, तीस रुपयांचा.
म्हणजे हे रोज पहाटे
त्याच एका सकाळी उठत होतं.

दोन हजार नऊ. मी सहावीत.
बाबा खाली याच जिन्यापाशी
पन्नास किलो पाठीवर घेऊन,
तोंडात तंबाखू, मणका शाबूत.
तारीख मी लगेच बदलली नाही.

उठण्याचा क्रम:
आधी हार्ड डिस्क, मग सीडी, मग नेटवर्क,
तळाला यूएसबी.
मार्केटातही क्रम आहे, कुठे लिहिलेला नाही,
चहा येतो त्यावरून कळतो:
अडत्या, खरेदीदार, मापाडी,
आणि किटलीत उरला तर माथाडी.
प्लसची कळ झिजलेली. दोनदा दाबली तेव्हा
यूएसबी एक पायरी चढलं. पुन्हा. पुन्हा.
एफ-टेन. हो.

आणि उठलं की!
शेठचा गणपतीचा फोटो नाही, शेठचा पासवर्ड नाही,
परक्याच्या चावीनं उघडलेलं घर,
पण आत भांडी जागच्या जागी:
पट्ट्या, तोलाई, हमाली, लेव्ही.
वाचण्यापुरतंच उघडलं होतं मी.
दुखऱ्या डिस्कवर लिहू नये.

शेठ चहा सांगायला खाली गेले.
कॉपी चालू होती, चौदा टक्के.
हमाली. दोन हजार नऊ. उघडू नये ते उघडलं.
सपकाळ धोडीराम.
धोंडीराम नाही, धोडीराम.
खाली, आणखी खाली, पुढच्या साली, त्याच्या पुढच्या,
ओळीमागून ओळ,
तेवढं एक टिंब नसलेला माणूस गोण्या वाहत होता.
मी बोट कळेवर ठेवलं,
मशीन म्हणालं, लिहिण्याची परवानगी नाही.
ती मीच बंद केलेली.

संध्याकाळी बाबा कमरेचा पट्टा आवळत:
"उठलं का गं?"
"उठलं. माझ्या पेन ड्राइव्हवरून."
"म्हणजे स्वतःच्या पायावर नाही."
"नाही. उद्या नवी डिस्क टाकते."

मग त्यांनी माझ्या ओढणीला चिकटलेली साल काढली,
ट्यूबलाइटसमोर धरली,
नखानं हलकेच ताणून पाहिली.
"ही जुनी आहे," म्हणाले,
आणि टाकली नाही.