बोअरचं पाणी

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
आमची प्रयोगशाळा : एक टाकी, एक तराजू, एक भट्टी
आणि इराण्णा.
पोत्यातून येतो पिठाहून बारीक कोळसा,
खाणीवर ज्याला कोणी विचारत नाही,
चिखलाबरोबर तळ्यात सोडून देतात.
तो पाण्यात कालवायचा. दोन थेंब डिझेल,
एक थेंब पाइनचं तेल, आणि खालून हवा.

कोळशाला पाणी आवडत नाही.
तो तेल माखून बुडबुड्याला बिलगतो, वर येतो.
माती पाण्याचीच. ती खाली राहते.
एवढंच आहे सगळं, तरी देसूरकर सर
बावीस वर्षं त्यातच आहेत,
बुडबुडा लहान कसा करायचा यात.
मोठ्याला बारीक कण चिकटत नाही म्हणतात,
भरधाव बसच्या नाकावरून धूळ
बाजूनं वाहून जाते, तसा जातो.

त्या मंगळवारी राकसकोपचं पाणी आलं नाही.
तिसऱ्या दिवसाचं पाचव्या दिवशी, नेहमीचंच.
इराण्णानं न विचारता बोअरचं ओतलं,
मचूळ, चहा नासवणारं.
मी ओरडणारच होते
तेवढ्यात चढला,
साबुदाण्यासारखा नव्हे, खसखशीसारखा,
काळा, चकचकीत,
न फुटता काठावरून उतरणारा.
"नोरे नोड्री," तो म्हणाला.
फेस बघितला की, मी म्हटलं.

जाळून पाहिलं. तो बूदी म्हणतो, मी वहीत राख लिहिते.
अठराची अकरा झाली.
सरांनी चष्मा पुसला. पुन्हा करा.
साडेअकरा.
हसले नाहीत ते. बोअरची एक बाटली भरून
तारीख घालून खिडकीत ठेवली.
"खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत.
पण आपल्या बोअरला तेवढं मीठ असेल?"

काही कण अर्धे कोळसा, अर्धे दगड.
कधी वर येतात, कधी नाही.
त्यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना आहे,
डोक्यावर नाव घातलेलं नाही अजून.

आप्पा याच गल्लीत साच्याच्या वाळूत
कोळशाची पूड मिसळायचे.
संध्याकाळी रुमालावर काळी रेघ,
आई ती तीन पाण्यांतून काढायची
आणि ती तिथंच असायची.
तेव्हाच कळायला हवं होतं मला.

इराण्णा हात धुतोय.
साबण घासून घासून अर्धा झाला,
बोअरच्या पाण्याला फेस येत नाही.