नव्वद मिनिटांची सुकती

बंदर बंद. नौदलाने रेडिओवर सांगितलंय,
उत्तरेचा वारा पडेपर्यंत दालकावेची फेरी सुटणार नाही.
म्हणजे एलेउतेरिओ वेन्तेओ, वय अडुसष्ट,
समुद्रशेवाळ गोळा करणारा,
आज रात्री आमचाच.

दहा चाळीसला पहिला कागद निघाला.
तिसऱ्या लीडमध्ये रेघ ठोका देऊन
खाली यायचं विसरली होती,
चार बारीक चौकोन उंच, तिथेच अडून बसलेली.
पुएर्तो मोंत्तच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या, द्या.
गुठळी विरघळवणारं औषध शिरेत गेलं,
सात सेकंदांत सिरिंज रिकामी.
मग नुसतं घड्याळ.

साडेअकराला तो म्हणाला, थांबलं दुखायचं.
रोसाल्बाला सांग, बटाटे उकडत घाल.
मी हसले नाही.
मॉर्फिननेही दुखणं थांबतं.
आणि नर्सला धीर यावा म्हणून
माणसं बरं वाटतंय म्हणतात.
कागदाला कुणाची भीड नसते.

"पट्टी कशाला घेतलीस?"
चढलेली रेघ किती उतरते ते मोजायला.
निम्मी तरी उतरायला हवी.
"म्हणजे सुकती."
हो. सुकतीच.
त्याला आणखी काही समजवावं लागलं नाही.
धक्क्याच्या खांबावर ओल कुठवर आहे
ते बघून तो साठ वर्षं पाण्यात उतरतोय.
पाणी ओसरताना आवाज करतं, म्हणाला,
कान दे.

अकरा पन्नासला मॉनिटर बिघडल्यासारखा झाला.
रुंद, बेढब ठोके, एकामागून एक,
जड ओले बूट घालून कुणी जिना चढावं तसे.
माझे हात गार.
फोनवर बराच वेळ काही नाही.
मग डॉक्टर म्हणाल्या, काही देऊ नकोस.
रक्तदाब बघ, माणूस बघ.
तुंबलेलं दार उघडताना आधी आपटतं.
माणूस बघितला. छताकडे बघत होता,
पत्र्यावरचा वारा ऐकत.
एकतीस ठोके मोजले मी.
बत्तिसावा बारीक आला, नेहमीसारखा.

बारा वीस. दुसरा कागद.
छातीवर पेनाने खुणा करून ठेवल्या होत्या,
पॅड बोटभर सरकलं तरी माप खोटं पडतं.
पट्टी लेकीच्या कंपासपेटीतली,
शून्याच्या बाजूला दातांनी चावलेली,
म्हणून एकपासून मोजायचं आणि एक वजा करायचा.
दोन चौकोन.
पुन्हा मोजलं. दोन.
चाराचे दोन. बरोबर निम्मे.
रेघेची जाडी धरली तर निम्म्याला थोडे कमी.
उंबऱ्यात उभा माणूस
आत म्हणायचा की बाहेर?

"पास म्हणू या का?" मी विचारलं.
"पास-नापास मला कळवायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या,
"आकडा कळव. अर्ध्या तासाने परत काढ.
आणि फेरी सुटली की पहिल्याच खेपेला पाठव,
रेघ कितीही शहाणी झाली तरी."

बारा पन्नासला दीड.
मी दोन्ही कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरले,
बोट ठेवून दाखवलं, इथून इथवर.
त्याने चष्मा मागितला नाही.
"शिंपले उघडे पडायला लागले असतील," म्हणाला,
आणि डोळे मिटले.
मी ताबडतोब मॉनिटरकडे बघितलं.
झोप होती.

वारा पडला नाही.
पाच वाजेपर्यंत रेडिओवर खरखर तेवढी होती.
मी पट्टी पुसली. दहा सेंटिमीटरच्या पुढे
जेलीचा डाग तरी राहिलाच.
आठला लेकीचा भूमितीचा पेपर आहे,
ती ओरडेल.