पट्टी

पडद्याच्या तळाशी जी लाल पट्टी सरकत असते
ती मी चालवतो. लिमा, तिसरा मजला, रात्रपाळी.
एका ओळीत अडतीस अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून.
"मागण्यांसाठी रस्त्यावर बसलेले गावकरी" असं टाकलं
तर गावकरी येईपर्यंत माणूस चॅनल बदलतो,
असं कार्बाहाल बाई म्हणतात.
हिशेबात त्या कधी चुकत नाहीत.

त्यापेक्षा आखूड शब्द आहे आमच्याकडे.
तेर्रुको.
दहशतवादी या लांबलचक शब्दाला
डोंगरातल्या जिभांनी चावून चावून लहान केलेलं.
आमच्याच जिभांनी.
माझ्या जन्माआधी तो रात्री दार वाजवायचा,
कधी सैन्याचे बूट घालून,
कधी त्यांच्या मागावर, ज्यांनी आदल्या रात्री
बंदूक दाखवून आमचं मेंढरू नेलेलं असायचं.
आजोबांना नक्की कुणी नेलं
यावर घरात अजून दोन मतं आहेत.

आता तो शब्द टाय लावून स्टुडिओत येतो.
मंत्री तो उच्चारतात,
मेकअपवाली त्यांच्या कपाळावरचा घाम टिपून घेते.
निवृत्त कर्नल नकाशावर बोट ठेवतात,
भलत्याच खोऱ्यावर,
आणि कुणी त्यांना सांगत नाही.
मीही नाही.

आज नऊ-वीसला चित्रण आलं.
पुलावर धूर, पळणारी माणसं,
आणि एक बाई, न पळणारी,
पाठीवर बोचकं.
चित्र थांबवलं. मोठं केलं.
बोचक्याभोवती लाल वर्तुळ काढलं.
"काय असेल त्यात?" निवेदकानं विचारलं
आणि प्रश्न तसाच लोंबकळत ठेवून
दह्याची जाहिरात लागली.

गाठ उलट्या खांद्यावर, टोक आत खोचलेलं.
आमच्या वस्तीत डावखुरी एकच,
त्योफिला आत्या.
आत उकडलेले बटाटे असणार, मुठीएवढं खारं चीज,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत आजोबांचा फोटो,
कारण वाटेत कुठलीही सरकारी कचेरी दिसली
की ती तो काढून दाखवते.
टपाल कचेरीतसुद्धा.

विल्बर, पट्टी, बाई म्हणाल्या,
जखमेवर बांधायला मागावी तशा घाईनं.
मी लिहिलं: पुलावर संशयास्पद बोचकं.
मागून वाकून त्यांनी वाचलं.
जागा उरलीय, म्हणाल्या.
उरली होती.
शेवटी प्रश्नचिन्ह घाल, वकील खूश राहतात.
आमच्या भाषेत बाईसाठी तो शब्द 'आ'नं संपतो.
तेवढं व्याकरण मी पाळलं.

अकराला आईचा फोन.
ती केचुआतच बोलते, ओरडून,
फोन म्हणजे जणू समोरचा डोंगर.
अरे, आत्या दिसली टीव्हीत! अख्खी!
किती वाळलीय रे.
आणि तिच्याभोवती तो लाल गोल कसला?
बक्षीसबिक्षीस लागलं का?
खालून अक्षरं पळत होती ती तूच लिहिलीस ना?
थांब, शेजारच्या पोराला हाक मारते, तो वाचून दाखवेल.

म्हटलं, नको, थांब.
हवामान होतं ते, आई.
वरच्या भागात गारपीट, असं लिहिलं होतं.

ती गप्प झाली.
मग म्हणाली, अगोबाई, बटाटे वाळत घातलेत बाहेर,
आणि फोन न ठेवताच गेली.

मला ऐकू येत राहिली
दगडांवरून ओढत नेलेली ताडपत्री,
तिचा दम, कुत्र्याचं भुंकणं,
आणि लांब कुणाच्या तरी घरात
मोठ्यानं लावलेलं
आमचंच चॅनल.