बारा पॉइंट तीन

राइस मिल रात्री साडेदहाला थांबते.
तोवर काही करता येत नाही.
कापगतेंचा पट्टा फिरतो तोवर
शाळेची भिंत थरथरते, टेबल थरथरतं,
आणि उजेडाच्या पट्ट्या पुसल्या जातात
ओल्या पाटीवरून कोपर फिरावं तशा.

मग मी वाळूची परात
स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबवर ठेवते.
वर लेझर, साकोलीच्या मंडईतला, साठ रुपयांचा.
खाली कॅमेरा, भिंग काढून टाकलेला.
मध्ये काचेवर बोडीच्या पाण्याचा थेंब.

कॅमेऱ्याला एवढंच कळतं, उजेड किती.
वाटेत तो कुणाला घासून आला,
किती उशिरा आला, त्याला ठाऊक नाही.
म्हणून सरळ आलेला उजेड
आणि अडखळत आलेला
एकमेकांवर पडू द्यायचे.
उशीर मग वलयांत लिहिला जातो.

बाबा शेजारी बसलेत.
जन्मभर तलावाच्या पाळीवरून त्यांनी
काठाला लागलेली लहर पाहून सांगितलं,
मरळ कुठे उलटली, किती हात लांब.
तेवढ्यासाठी मी नागपूरला
वसतिगृहात राहून फूरिए शिकले.

पडद्यावर नुसती वलयं. बाबा पुढे वाकतात.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय.
"हे तं मी रोजच पायतो," म्हणतात,
"दिवाबत्तीले, बलबाच्या भोवताल."

मी अंतर टाकते.
नऊ मिलिमीटर. धूर.
अकरा. धुरात एक कड.
आकडे लाटेला आल्या पावली
मागे नेतात, सेन्सरपासून काचेकडे,
बारा पॉइंट तीन,
आणि थेंबात डोंगा.
दोन्ही टोकांना निमुळता, काचेच्या अंगाचा,
शेवाळातला एक जीव.
बरगड्या दिसत नाहीत,
तेवढी आमच्या कॅमेऱ्याची ऐपत नाही.

भोवती फिकट भूत. जुळी प्रतिमा.
आकड्याआधी वजा लावला
की भूत ठळक होतं, डोंगा विरघळतो.
गणिताला दोन्ही काठ सारखेच.

"पानी दोनदा बोलते," बाबा म्हणतात,
"येताना, अन पाळीले लागून वापस जाताना.
कोन्तं आयकाचं, ते आपन ठरवाव."

मग दारातल्या बल्बकडे बोट करून,
"याले किती टाकशीन?"

सोमवारी भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर आहे, मी म्हणते.
ते परातीतली वाळू
तळहाताने सारखी करत राहतात.