हिऱ्याहून जड

दर मंगळवारी मानोऱ्याच्या बाजारात
लोणच्याच्या बरण्या नि दोरखंडांच्या मधे
माझं टेबल. भिंग, चिमटा, काचेच्या पेटीतला तराजू
आणि सासऱ्यांच्या हातची पाटी: खोटं विकत नाही.
त्याखाली मी लिहिलेलं, बारीक:
अमेरिकन डायमंड मिळेल.

कौतिका आली. केसांत जिनिंगमधला कापूस.
वहीच्या कागदाच्या पुडीत अंगठी वेगळी, खडा वेगळा.
"नखी तुटली. आन् मंदही झाला. पाहा ना जरा."

भिंगाखाली पाहिलं:
पोटाला तेलाचा थर, वाळलेली कणीक, हळद,
कडा किंचित बोथट.
हिरा असा झिजत नाही.
आणि आतले रंग इतके भडक,
जणू कुणी जत्रेतलं दुकान मांडलंय.
मी खड्यावर श्वास सोडला.
वाफ बसली. एक. दोन. तीन.
हिऱ्यावरून ती पापणी लवायच्या आत उडते.
चार.
मी मान वर केली.

"मले मालूम हाय," ती पुटपुटली.
"लग्नाच्या दुसऱ्याच साली मी घरी फुकून पाह्यला."
मग डोळ्यांनीच दाखवलं:
मोटारसायकलवर आडवा बसून
शेंगा फोडत होता देवमन.
"दोन म्हशी इकून आनला त्यायनं, अकोल्याहून.
त्यायले हिराच वाटते. तुमी जोरानं सांगा."

पाटी माझ्या पाठीशी होती.
मी खडा तराजूत ठेवला, काटा थांबू दिला.

"जड आहे हो!" दोरखंडांवरून ओरडले,
"एवढ्या मापाचा हिरा इतका भरत नाही!
आणि रंग तर हिऱ्यालाही जमायचे नाहीत असे!"

देवमननं टरफलं झटकली
आणि मान हलवली, तराजू त्याचाच असल्यासारखी.

नखी बसवता बसवता तिला सांगितलं, हळू:
कोमट पाणी, अंगाच्या साबणाचा फेस,
लेकराचा मऊ ब्रश. खालून घास,
मळ खालीच बसतो. सोडा नको, राख तर नकोच.
जुन्या पातळाच्या चिंधीनं टीप.
भाकरी थापताना काढत जा,
पण डोरल्याच्या डबीत टाकू नको;
खड्याला खडा घासला की दोघंही आंधळे.

"काढली तं इचारतात ना," ती म्हणाली,
"कुठं ठेवली, कुठं ठेवली."

चाळीस झाले. देवमननं पन्नासाची नोट दिली,
सुटे परत घेईना.
"हिऱ्याचं काम हाय, बाई. राहू द्या."

गाडी गेली. दहाचं नाणं टेबलावरच.
संध्याकाळी गल्ला मोजला
तेव्हा ते बाजूला ठेवलं.
अजून बाजूलाच आहे.