वरची भाडेकरू

माझगावात, आमच्या डोक्यावर
दीड वर्ष राहते ऐनो.
रात्री उशिरापर्यंत टकटक –
लिहिते म्हणे, कुठल्या कुठल्या लोकांना.

काल जिन्यात थांबवून विचारलं तिनं:
मथुराबाईंच्या मुलीचा निकाल लागला का?
चिलीतले एक म्हातारे गृहस्थ
तीनदा विचारून चुकलेत.
आणि सेऊलच्या एका नर्सनं
रात्रपाळीहून येऊन बांगडा तळला,
कोकमाऐवजी कसलंसं आंबट फळ चोळून.

मी हो-हो केलं.
बावीस वर्षं मथुराबाई
आमच्या दाराशी पाटी उतरवते.
तिला मुलगी आहे
हे मला
चिलीवरून कळलं.

आज सुट्टे मोजताना
विचारणार होतो.
"दोन वाटे देऊ?"
"एकच," म्हणालो.

वर टकटक सुरू झाली.